झुकतं माप

१

शुक्रवारी तराजू नाहीसा झाला तेव्हा वहिनी रडल्या नव्हत्या. सोमवारी तो परत मिळाला तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं.

"हा आमचा तराजू नाही," त्या म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसल्या.

मी त्यांची नणंद. आयुष्यभर कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार मराठीत बोलायचा, मी ते न्यायाधीशांना इंग्रजीत सांगायची. माझ्या जिभेला हाड नाही असं माझा भाऊ म्हणायचा, आणि त्याचं ते एकच वाक्य मला पटायचं. निवृत्त झाल्यापासून नातेवाईक मला दोनच वेळा बोलावतात: लग्न जमत नसलं की, नाहीतर भांडण मिटत नसलं की. चोरीसाठी पहिल्यांदाच बोलावलं होतं, त्यामुळे मी खुशीत होते. हे मी वहिनींना अर्थातच सांगितलं नाही.

तराजू वहिनींच्या चहापत्तीच्या दुकानातला. पितळी, दोन पारड्यांचा, त्यांच्या आजोबांच्या हातचा. रोजचं वजन आता विजेच्या काट्यावर होतं, तरी हा जुना तराजू गल्ल्याशेजारी टांगलेला असायचा आणि काही ठरावीक गिऱ्हाइकांना वहिनी त्याच्यावरच तोलून द्यायच्या. पितळ फार काळं पडलं म्हणून त्यांनी तो पुलापलीकडच्या एका कारखान्यात दिला. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, अर्धी मोडक्या यंत्रांनी आणि अर्धी जुन्या शोभिवंत वस्तूंनी भरलेली. दारावर इंग्रजी पाटी: 'रिपेअर अँड रिस्टोरेशन'.

गुरुवारी संध्याकाळी तराजू तिथल्या कपाटात कुलूपबंद होता. शुक्रवारी सकाळी वहिनी काही न कळवता डोकावायला गेल्या, तर कपाट रिकामं आणि कुलूप शाबूत. मालकांनी आरडाओरडा केला, शनिवार-रविवार कारखान्याला स्वतःचं वेगळं कुलूप घातलं. सोमवारी सकाळी कपाट पुन्हा उघडलं तर तराजू आपल्या जागी, जणू कुठे गेलाच नव्हता.

आता तो मालकांच्या खोलीत आकड्याला टांगलेला होता. दोन्ही पारडी रिकामी, काटा अगदी मधोमध. घासूनपुसून लख्ख.

"आमचा नाही हा," वहिनी पुन्हा म्हणाल्या. "हुबेहूब तसाच आहे, पण आमचा नाही."

मालक टेबलावर रेलले. गोल चेहऱ्याचे, घाईत असलेले गृहस्थ. "हुबेहूब म्हणता ना? माझ्याकडे हुबेहूब नक्कल करू शकणारी एकच व्यक्ती आहे." त्यांनी काचेतून खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे खिडकीशी एक तिशीची बाई रिकाम्या टेबलापुढे हाताची घडी घालून बसली होती. "आमची रिस्टोअरवाली. कपाटाची एक किल्ली माझ्या मागे या खिळ्यावर असते, दुसरी तिच्या एप्रनमध्ये. अस्सल विकला आणि नक्कल ठेवली. आज कारखाना बंद होताना तिचा हिशेब करून टाकतो. आणि बाकीच्या कारखान्यांनाही फोन करतो, त्यांनाही कळू दे."

म्हणजे त्या बाईच्या हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. जुन्या वस्तू विश्वासावर सोपवल्या जातात. 'ती वस्तू बदलते' एवढं एकदा बोललं गेलं की तिच्या हातात पुन्हा कुणी काचेची बरणीसुद्धा देणार नव्हतं.

२

मी आधी वहिनींनाच धरलं.

"कशावरून म्हणता तुमचा नाही? डाग वेगळा आहे? खूण नाही?"

"सगळ्या खुणा आहेत. दांडीवरचा पोचासुद्धा आहे."

"मग?"

त्यांनी पदराने डोळे टिपले. "ते नाही सांगता येणार, वन्सं."

"वहिनी, तिकडे एका बाईची नोकरी चाललीय."

"मला कळत नाही का ते? पण आजोबांनी बाबांना शपथ घातली, बाबांनी मला. मी बघितल्याबरोबर ओळखलं, एवढंच धरून चाला."

माझ्या वहिनी गोगलगायीसारख्या मऊ दिसतात, पण एकदा तोंड मिटलं की कोर्टही ते उघडू शकणार नाही. मी नाद सोडला आणि तराजूकडे वळले. पारडं उचललं, सोडलं. आकड्याला धरून झुलवलं. आवाज नाही. दुकानात हा तराजू हलला की कुरकुरायचा, इतका की मी वहिनींना म्हणायची, तुमच्या तराजूला पोटशूळ आहे. आज कुरकुर नव्हती. बोटांचा वास घेतला. यंत्राच्या तेलाचा.

ही गोष्ट मी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवली.

"मालक," मी विचारलं, "पाटीवर दोन शब्द आहेत. रिपेअर आणि रिस्टोरेशन. फरक काय दोघांत?"

ते हसले. "मॅडम, खरं सांगू? एकच ते. पाटी लांब होती, जागा उरत होती. आणि दोन शब्द असले की गिऱ्हाईक दबून असतं."

मला राग आला. पूर्वी एका खटल्यात साक्षीदार म्हणाला होता, 'मी त्याला बघितलं.' वकिलाला घाई होती, तो म्हणाला, पुढे चला. मी पुढे गेले नाही. इंग्रजीत त्याला 'सॉ' म्हणायचं की 'वॉच्ड'? 'सॉ' म्हणजे जाता-येता नजरेस पडला, 'वॉच्ड' म्हणजे पाळत ठेवून होता. मी साक्षीदाराला विचारलं, "अहो, तो दिसला, की तुम्ही बघत होतात?" माणूस ओशाळला, आणि मग खरं बाहेर आलं. तेव्हापासून माझा एक ठाम विश्वास आहे. जवळजवळच्या दोन शब्दांतला फरक माणसाला विचारावा. उत्तरात तो शब्दांबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त सांगतो.

मालकांनीही सांगून टाकलं होतं: यांना आपल्याच कारखान्यात काय चालतं ते ठाऊक नव्हतं.

"बाकीच्यांनाही हेच विचारणार आहे," मी म्हटलं.

"चोर शोधायला आलात की शाळा घ्यायला?"

"दोन्हींत मी कडक आहे," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

३

रिपेअरचं काम बघणारे मिस्त्री पन्नाशीचे, सडपातळ, बोटं कायम काळी. त्यांच्या बाजूला पंखे, शिवणयंत्रं, कुलपं, एक वजनकाटा, सगळं कसं ओळीने. एकही हत्यार जागा सोडून नव्हतं.

मी स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसायला लागले. त्याची एक काडी बरेच दिवस सैल होती, सारखी नाकावरून घसरायची.

"मिस्त्री, गुरुवारी शेवटी कोण गेलं?"

"मालकच. आम्ही सगळे त्यांच्या आधी." असं म्हणत त्यांनी माझ्या हातातून चष्मा अलगद घेतला. विचारलंही नाही.

"आणि आज सकाळी पहिलं कोण आलं?"

"दार मालकांनी उघडलं. मग मी. मग ती." त्यांच्या दुसऱ्या हातात कुठूनसा बारीक पेचकस आला होता.

"ती म्हणजे रिस्टोअरवाली? तिने तराजू बदलला असं वाटतं तुम्हाला?"

पेचकस थांबला. "तसं मी म्हणालेलो नाही, ताई."

"मग काय म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही." त्यांनी चष्मा परत दिला. काडी घट्ट, जणू कालच दुकानातून आणला.

"तुमचं आणि तिचं पटतं?"

"पटायला काय, ती हुशार आहे. पण तिचं काम मला समजत नाही. गेल्याच आठवड्यात एक पेटी आली, झाकण लागत नाही. मी म्हटलं, बिजागरी बदलू. ती म्हणाली, हात लावायचा नाही, झाकण तसंच तिरकं होतं. आता तिरकं झाकण जपून काय करायचं? लोणचं घालायचं त्याचं?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"रिपेअर आणि रिस्टोअर, फरक काय मग?" मी विचारलं.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "रिपेअर म्हणजे वस्तू तिच्या कामाला लागली पाहिजे. पंख्याने वारा दिला पाहिजे, कुलपाने दार धरलं पाहिजे. आणि रिस्टोअर म्हणजे नुसतं बघायचं, हात नाही लावायचा. या कारखान्यातून काहीही बाहेर गेलं तरी लोक म्हणणार मिस्त्रीच्या हातचं. तिथे चूक राहिली तर तोंड कुणाचं काळं होणार?"

"कसली चूक?"

ते एकदम उठले. "पलीकडच्या रस्त्यावर अँटिकशेठ आहेत, त्यांना विचारा. तराजू त्यांना हवा होता."

४

अँटिकशेठ हे लोकांनी दिलेलं नाव. जुन्या वस्तूंचं मोठं दुकान, आणि त्यात स्वतः शेठ, जुन्याच एका आरामखुर्चीत, अशा थाटात की विकायला ठेवलेत की काय असं वाटावं.

"होय, मला हवा होता," त्यांनी लपवलं नाही. "तुमच्या भावजयीला मी वर्षभर विचारतोय. त्या नाही म्हणतात. त्या रिस्टोअरवालीलाही विचारलं होतं, तशी एक नक्कल तरी करून देशील का."

"मग?"

"म्हणाली, मूळ मालकिणीने सांगितलं तर देईन. तत्त्वाची बाई. तत्त्वाच्या माणसांबरोबर धंदा फार कंटाळवाणा होतो."

"आता तराजू परत आलाय. बघितलात?"

"सकाळीच. बातमी कळल्याबरोबर गेलो होतो." त्यांनी नाक मुरडलं. "आता मला तो फुकटसुद्धा नको."

"का?"

"अहो, तेल चोपडलंय त्याला! वरचा आकडा जरा वाकलेला होता, किती गोड दिसायचा, तो सरळ केलाय. दिवाळं काढलं त्याचं."

मी माझा प्रश्न टाकला. त्यांनी डोळे बारीक केले. "रिपेअर केलं की वस्तू कामाला येते आणि माझ्या कामातून जाते. रिस्टोअर केलं की तिचं वय शाबूत राहतं. मी वय विकतो, ताई."

बाहेर आले तेव्हा डोकं भणभणत होतं. अँटिकशेठना अस्सल तराजू वर्षभर हवा होता, आणि आज अचानक नको झाला. ज्याच्या घरात अस्सल आधीच पोहोचलाय, त्याला नक्कल कशाला हवी असेल?

सरळ हिशेब होता. रिस्टोअरवालीने नक्कल केली, शेठनी अस्सल घेतला. मालकांचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि कारखाना बंद व्हायला फार वेळ नव्हता.

पण बोटांना अजून तेलाचा वास येत होता. तो वास त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

५

ती तशीच बसली होती. टेबल रिकामं, कारण मालकांनी तिच्यासमोरच्या सगळ्या वस्तू उचलून नेल्या होत्या.

"मावशी, तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देईन," ती म्हणाली. "पण आधी सांगते, तो तराजू तोच आहे. काचेतून बघितला, लांबून. मला हात लावू देत नाहीत."

"तू असं म्हणणारच, असं मालक म्हणतात."

"हो ना. खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत आहे. चोरही तेच वाक्य बोलतो." तिचा आवाज शांत होता, पण एप्रनच्या टोकाला तिने पीळ घातला होता. "हे काम मी नऊ ठिकाणी नकार खाऊन मिळवलंय. बाईच्या हातात जड पितळ कोण देतो? मालकांनी दिलं. आता तेच फोन करणार."

"रिपेअर आणि रिस्टोअर, फरक सांग."

तिने थोडा विचार केला. या प्रश्नावर विचार करणारी ती पहिलीच.

"वस्तू समोर आली की मिस्त्री तिला विचारतात, तू कशासाठी आहेस? मी विचारते, तू कोण होतीस? दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण उत्तरं वेगळी येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे खोड. वस्तूत खोड असते ना? मिस्त्रींना ती मोडायची असते. मला आधी ती समजून घ्यायची असते. कधीकधी खोड हीच वस्तूची ओळख असते. म्हणून मी नक्कल करते तेव्हा सगळ्यात आधी खोड उतरवते. चकाकी काय, कुणीही आणेल."

माझ्या मनात काहीतरी हललं. मी जपून विचारलं, "या तराजूत कसली खोड होती?"

तिने वहिनींच्या दिशेने बघितलं.

"त्यांनी मला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पण वस्तू हातात आली की मला कळतंच. मी त्यांच्याशीही बोलले नाही. ज्याचं गुपित त्याचं."

"तुझी नोकरी जातेय, पोरी."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग माझ्या कानाशी वाकली आणि हळूच सांगितलं. ऐकून मी उठलेच.

"हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही. पण गुरुवारी मिस्त्रींनी पारडं हातात घेतलं होतं. म्हणाले, हे असं बाहेर जाऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, होतं तसंच जाईल. मग ते काही बोलले नाहीत."

मी वहिनींकडे गेले. त्यांच्या शेजारी बसून फक्त एवढंच म्हटलं, "वहिनी, तुमचे आजोबा फार मोठे माणूस होते. पण तुम्ही आज गप्प बसलात तर त्यांच्या तराजूपायी एका बाईवर अन्याय होईल. चालेल त्यांना?"

वहिनींनी पदर सावरला. मग त्या उठल्या.

६

मालकांच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. अँटिकशेठनाही मी बोलावून घेतलं होतं. फुकटचा तमाशा त्यांनी सोडला नसता. मला अशी गर्दी आवडते. कोर्टात मी कायम दुसऱ्याचं बोलायची, आज स्वतःचं बोलणार होते.

"मालक, एक प्रश्न. नक्कल करणारा वस्तूला जुनं करतो की नवं?"

"जुनं. नाहीतर पकडला जाईल."

"मग हा तराजू बघा. कुरकुर गेली. आकडा सरळ झाला. तेल लागलं. चोराने वस्तू नेली आणि सुधारून परत आणली! असा चोर माझ्या घरी रोज येवो. मला एक गळका नळ दाखवायचाय त्याला."

कुणी हसलं नाही. मिस्त्री दाराजवळ उभे होते.

"आता वहिनी सांगतील, त्यांनी तराजू कसा ओळखला."

वहिनी पुढे आल्या. "आमचा तराजू रिकामा असताना सरळ राहायचा नाही. वजनांकडे थोडा कललेला असायचा. लोकांना वाटायचं, भिंतच वाकडी आहे. पण तो आजोबांनीच तसा केला होता. वजनाच्या पारड्याखाली शिशाचा एक थेंब. म्हणजे वजन जरा जड भरायचं, आणि तेवढ्यासाठी समोर पत्ती जास्त घालावी लागायची. गिऱ्हाइकाला दर वेळी चिमूटभर जास्त जायचं."

"जास्त?" अँटिकशेठ पुढे झुकले. "मी आजवर कमी देणारे तराजू बघितले. जास्त देणारा?"

"आजोबांचे वाईट दिवस होते तेव्हा त्यांना कुणीतरी मूठभर जास्त दिलं होतं, आणि मग चार लोकांत बोलून दाखवलं होतं. ते त्यांना फार लागलं. म्हणून ते म्हणायचे, द्यायचं तर घेणाऱ्याला कळता कामा नये. ज्याची ओढाताण चाललीय त्याला आम्ही आजही याच तराजूवर देतो. त्याला वाटतं, इथली पुडी पुरते बाई. बस. आज सकाळी बघितलं तर काटा मधोमध. पारडं सरळ. मी पत्ती घालून बघितली, चिमूट कमी. म्हणून म्हटलं, हा आमचा नाही."

मालक घाम पुसत म्हणाले, "मग नक्कलच झाली ना ही? थेंब नाही म्हणजे..."

"थांबा," मी म्हटलं. "ही बाई नक्कल करती तर सगळ्यात आधी थेंब लावती. तिला तो पहिल्याच दिवशी सापडला होता, मला तिने जागा सांगितली. वहिनींना फसवायचं तर खोड हवीच. म्हणजे तिने केलेली ही नक्कल नव्हे. आता राहिले शेठ. त्यांना थेंबाची कल्पनाच नव्हती, आत्ता तोंडाचा आ झाला तो खोटा नव्हता. त्यांनी दुसऱ्या कारागिराकडून नक्कल करवली असती तर पारड्याचा तळ एकसारखा असता. बघू या?"

मी वजनाचं पारडं सोडवून उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. तळावर, बरोबर तिने सांगितलेल्या जागी, बोटाच्या पेराएवढा गोल ठिपका होता. भोवतालच्या पितळेपेक्षा फिकट, घासून घासून गुळगुळीत केलेला.

"तराजू तोच आहे," मी म्हटलं. "तो रिस्टोअर झाला नाही, विकला गेला नाही, बदलला नाही. तो रिपेअर झालाय. आणि इथे एकच माणूस असा आहे ज्याला चुकीची वस्तू बघवत नाही. माझ्या चष्म्याची सैल काडीसुद्धा नाही बघवली त्याला."

कुणीच मागे वळून बघितलं नाही. गरज नव्हती.

"मी चोरला नाही," मिस्त्री म्हणाले. "नेला होता."

"या दोन शब्दांतला फरक मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून पोलिसांना बोलावलं नाही. सांगा."

"गुरुवारी मालक खोलीत नव्हते तेवढ्यात खिळ्यावरची किल्ली घेतली, तराजू काढून ती परत टांगली. घरी नेऊन शिसं काढायचं, सकाळी लवकर आणून ठेवायचं, एवढंच होतं मनात. खोटं तोलणारा तराजू माझ्या कारखान्यातून जाणार, हे काही सहन होईना. पण शुक्रवारी या दुकानवाल्या ताई माझ्या आधीच आल्या. गलका झाला, मालकांनी चोर म्हटलं, आणि माझी जीभ उचललीच नाही. मग दोन दिवस दाराला कुलूप. आज मालक टेलिफोनला गेले तेवढ्यात तीच किल्ली घेऊन ठेवला. वाटलं, परत आला म्हणजे संपलं."

"आणि मला चोर ठरवलं तेव्हा?" रिस्टोअरवालीने विचारलं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी मान खाली घातली.

७

मालक तावातावाने काहीतरी म्हणणार होते, पण वहिनींनी त्यांना हाताने थांबवलं आणि मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"शिसं टाकून दिलंत?"

मिस्त्रींनी खिशातून काड्यापेटी काढली. रिपेअर करणारी माणसं काही म्हणून टाकत नाहीत. आत कापसावर तो थेंब होता, काळपट, चपटा.

"परत लावाल?"

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "ताई, बिघडलेलं नीट करायचं कितीही सांगा. नीट केलेलं बिघडवायचं... हे या हातांनी कधी केलं नाही."

"बिघडलेलं नव्हतंच ते," रिस्टोअरवाली म्हणाली. तिने पारडं घेतलं, पेन्सिलीने तळावर थेंबाची कड आखली. "इथे. असाच चपटा. होता तेवढाच."

तिने पारडं धरलं आणि मिस्त्रींनी डाख दिला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. तेल पुसून आकडाही तिने पहिल्यासारखा जरासा वाकवून घेतला. तेव्हा शेठनी समाधानाचा सुस्कारा सोडला. तराजू टांगला. तो हलला आणि कुरकुरला, आणि काटा अंमळ एका बाजूला जाऊन थांबला. वहिनी हसल्या, मग रडल्या. या वेळी मी काळजी केली नाही.

त्यांच्या पिशवीत पत्तीचा डबा होता. एका पारड्यात वजन ठेवून त्या दुसऱ्यात पत्ती घालत गेल्या. मिस्त्री टक लावून बघत होते. काटा मधोमध आला.

"हे जास्त झालं," ते पुटपुटले.

"जास्त नाही, मिस्त्री. तराजू म्हणतो तेवढंच," वहिनी म्हणाल्या, आणि पुडी बांधून त्यांच्याच हातात ठेवली. तशीच दुसरी रिस्टोअरवालीला दिली. "पोरी, मी सकाळीच बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

मालकांनी हात चोळले. प्रकरण मिटल्याचा आनंद त्यांच्या गोल चेहऱ्यावर मावत नव्हता. "चला, झालं गेलं विसरून जा! फोन नाही, काही नाही. सगळं पुन्हा पहिल्यासारखं."

"नाही, मालक," ती म्हणाली. "पहिल्यासारखं म्हणजे रिस्टोअर. ते नाही झालं. हे रिपेअर आहे. चालेल, काम होईल, पण सांधा दिसत राहील."

मालकांना तो फरक अजूनही कळला नव्हता. मिस्त्रींनी मात्र मान हलवली. दोन्ही शब्दांचे अर्थ त्यांना आता पुरते कळले होते, आणि त्यासाठी त्यांनी बरीच किंमत मोजली होती. मला त्यांचा राग होता, आणि तरी त्या क्षणी त्यांची दया आली.

तिने आपलं टेबल पुसलं, पुडी पिशवीत ठेवली. मग मालकांच्या खुर्चीमागे जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली आणि आपल्या एप्रनच्या खिशात, पहिल्या किल्लीशेजारी टाकली.

"उद्या नेहमीच्या वेळेला येते," ती म्हणाली, आणि गेली.